घरातलं गाणं – लेखांक ६ : तिसऱ्या पिनेची वायर

काळी एकचा तानपुरा लावला की मधल्या जोडीच्या तारा साधारण १३८.६ हर्ट्झवर बोलतात आणि पहिली, मंद्र पंचमाची तार १०४च्या आसपास. आता घरातली वीज पाहा. ती सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि तिच्यापासून स्पीकरमध्ये शिरणारं हमिंग ५०, १००, १५०, २०० असा पाढा म्हणतच येतं. त्यातला १००चा सूर त्या पंचमाच्या तारेला खेटून बसतो. १०० आणि १०४ एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात, तार नीट लागली नसल्यासारखे. षड्जाच्या हिशेबाने हा १००चा सूर तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली पडतो. तो कुठल्याच रागाचा नाही. ढोलताशांच्या ध्वनिफितीत तो दडून जाईल. पण आलापीच्या सुरुवातीला, गायकाने नुकता कुठे षड्ज लावलेला असताना, खाली हा परका सूर सतत चालू राहिला तर गाण्याची बैठकच बिघडते.

मागच्या आठवड्यात संगणकाच्या आतलं साउंड कार्ड सोडून बाहेरचा डॅक, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी, का घ्यावा, ते पाहिलं. लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर, वाय-फाय, स्क्रीन आणि चार्जिंग यांची एवढी धावपळ चालू असते की त्याच बोर्डावर बसलेल्या ध्वनीच्या सर्किटला शांतता मिळणं अवघडच. डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी तर पुढच्या बाजूच्या हेडफोन जॅकवर संगीत ऐकूच नये. तिथली वायर अख्ख्या कॅबिनेटमधून, ग्राफिक्स कार्डाला वळसा घालून आलेली असते. पण डॅक आणून अँप्लिफायरला जोडल्यावर बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. आवाज स्वच्छ होतो, आणि त्याच्याखाली आधी नसलेलं हमिंग सुरू होतं. माझंही तसंच झालं होतं. लॅपटॉप चार्जरवर असला की तीन आवाज यायचे : तळाशी जाड घूं, पंखा चालू असला की त्यावर करकरीत खरखर, आणि वर बारीक शिट्टी. त्यांचा माग काढायला तीन आठवडे लागले.

आधी एक गैरसमज दूर करू. संगणकाकडून डॅककडे जातात ते आकडे. यूएसबीच्या वायरवर थोडा गोंगाट आहे म्हणून आकडे बदलत नाहीत, आणि आकडे तेच असतील तर संगीतही तेच. पण त्याच केबलमध्ये डेटाच्या दोन वायरींशेजारी आणखी दोन असतात, एक ५ व्होल्टची आणि एक ग्राउंडची. गोंगाट प्रवास करतो तो या ग्राउंडच्या वायरवरून, आकड्यांना हातही न लावता. डॅककडून पुढे अँप्लिफायरकडे जाणाऱ्या आरसीए केबलमध्ये मधली तार संगीत नेते आणि भोवतीची जाळी परतीची वाट असते. या दोहोंमधला फरक अँप्लिफायर मोठा करतो. समजा, त्या जाळीचा रोध ०.१ ओहम आहे आणि तिच्यातून कुठलाही परका प्रवाह ५ मिलिअँपिअर वाहतोय. लगेच अर्धा मिलिव्होल्ट तयार झाला, आणि अँप्लिफायरला तो संगीताचाच भाग वाटतो. २ व्होल्ट देणाऱ्या डॅकवर सीडीच्या १६ बिटांची सर्वांत लहान पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची असते. म्हणजे सहाएक पायऱ्या त्या घूंने गिळल्या. तंबोऱ्याची आस, आवाजाचा शेवटचा श्वास, सभागृहाचा विरत जाणारा नाद, हे सगळं त्याच खालच्या पायऱ्यांवर राहतं.

तेव्हा प्रश्न एकच धरायचा : हा परका प्रवाह कुठून येतोय आणि कुठे जातोय?

शोध फुकटात सुरू होतो. अँप्लिफायरचा आवाज शून्यावर न्या. घूं तरीही तेवढंच असेल तर ते अँप्लिफायरमधलं किंवा त्याच्या पुढचं आहे, संगणकाला दोष देऊ नका. आवाजाबरोबर घूं कमी-जास्त होत असेल तर ते केबलमधून येतंय. मग लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर गाणं चालू ठेवा. माझ्याकडे चार्जर काढताक्षणी तिन्हींपैकी खालचं घूं नाहीसं झालं. त्या शांततेने मी दचकलेच होते. रस्ता सापडला होता : भिंतीतून चार्जर, चार्जरमधून लॅपटॉप, यूएसबीतून डॅक, आरसीएच्या जाळीतून अँप्लिफायर.

चार्जरमध्ये असं काय असतं? लॅपटॉपचा चार्जर काय किंवा डेस्कटॉपचा एसएमपीएस काय, आत वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडून-जोडून खाली आणली जाते. त्या तोडफोडीचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून आत वाय कपॅसिटर नावाचे छोटे भाग बसवतात. गोंगाटाला जमिनीत पोचवणं हे त्यांचं काम. पण जमीनच जोडलेली नसेल तर ते उलट विजेचा थोडासा अंश यंत्राच्या अंगावर सोडतात. धातूच्या लॅपटॉपवरून हाताची मागची बाजू हलकेच फिरवली की झिणझिण्या येतात, त्या याच. मल्टिमीटर तिथे शंभरेक व्होल्टही दाखवतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असल्यामुळे त्याने धोका नसतो, पण तोही कुठेतरी वाट शोधतोच. माझ्या घरी त्याला वाट मिळाली ती संगीताच्या केबलमधून.

माझ्या चार्जरला तीन पिना होत्या, भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं होती. म्हणून अर्थिंग असणारच, असं मी धरून चालले होते. वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी आधी एमसीबी पाडला, मग पेचकसाने प्लेट उघडली आणि मला जवळ बोलावलं. लाल वायर एका स्क्रूखाली, काळी दुसऱ्या स्क्रूखाली. वरचा, जाड पिनेचा स्क्रू मोकळा, नवाकोरा, त्यावर कधी पेचकस लागल्याची खूणही नाही. बॉक्सच्या तळाशी हिरव्या वायरचं बोटभर टोक होतं, कापून, दुमडून, वर टेप गुंडाळून ठेवलेलं.

"भोकं तीन आहेत ताई," काका म्हणाले, "वायरी दोनच पोचल्यात."

जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास दिसतं. काकांनी हिरवी वायर सोडवली, ती मुख्य बोर्डापर्यंत अखंड आहे हे तपासलं, टोक सोलून स्क्रूखाली घट्ट केलं. दहा मिनिटांचं काम. हे स्वतः करू नका, जाणकार वायरमनकडूनच करून घ्या; आणि त्याच भेटीत आरसीसीबी आहे का तेही पाहायला सांगा. संध्याकाळी लॅपटॉप चार्जरवर लावून गाणं लावलं. झिणझिण्या गेल्या होत्या. घूं मात्र पूर्ण गेलं नव्हतं, नुसतं बारीक झालं होतं.

इथे बहुतेकांची गफलत होते, कारण दुसरा आजार पहिल्याच्या अगदी उलट असतो. माझा अँप्लिफायर पलीकडच्या भिंतीवरच्या सॉकेटला जोडलेला होता, आणि त्याला अर्थिंग पहिल्यापासून होतं. आता लॅपटॉपलाही मिळालं. दोन यंत्रं, दोन ठिकाणी जमिनीला जोडलेली, आणि मधून त्यांना सांधणारी आरसीएची जाळी. भिंतीतली हिरवी वायर, अँप्लिफायर, केबल, डॅक, लॅपटॉप, परत भिंत, अशी एक मोठी कडी तयार झाली. याला ग्राउंड लूप म्हणतात. घरातल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र या कडीतून गेलं की तिच्यात प्रवाह उपजतो. शिवाय दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये अगदी किंचित फरक असला तरी तो याच जाळीवरून वाहतो.

उपाय निघाला एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डाचा. लॅपटॉपचा चार्जर आणि अँप्लिफायर दोन्ही एकाच बोर्डात, शेजारी शेजारी. कडी लांबलचक होती, ती हातभर झाली. घूं गेलं. या दोघांचा भार इतका कमी असतो की ६ अँपिअरचा बोर्ड पुरून उरतो; फक्त इस्त्री किंवा मिक्सर तिथे लावू नका.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. इंटरनेटवर आणि दुकानांतही या आजारावर एक झटपट उपाय सुचवला जातो : अँप्लिफायरची तिसरी पिन तोडा, किंवा तीन पिनांवरून दोनवर आणणारा कनेक्टर लावा. हमिंग खरोखरच जातं, म्हणून तो उपाय तोंडातोंडी पसरतो. पण अँप्लिफायरच्या आत कधी फेज सुटून धातूच्या खोक्याला टेकला, तर ती वीज जमिनीत नेऊन एमसीबी पाडणारी वायर आपण स्वतःच्या हाताने तोडलेली असते. मग जमिनीपर्यंतची वाट त्या खोक्याला हात लावणाऱ्या माणसातून जाते. घरात पोरंबाळं असतात. असं कधीही करू नका, आणि कुणी केलं असेल तर आजच बदलून घ्या.

पंख्याची खरखर वेगळीच होती. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा बंद करून गाणं ऐकणं अशक्य, म्हणून हा आजार अगदी आपला आहे. कुठल्याही पायऱ्यांशिवाय गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची प्रत्येक अर्धी लाट मधेच कापतो, सेकंदाला १०० वेळा. त्या कापलेल्या कडेतून टोकदार आवाज निघतात, म्हणून ते करकरीत. पंखा पूर्ण वेगावर नेला की खरखर जवळजवळ थांबते, अर्ध्यावर आणला की वाढते, परीक्षा एवढीच. मी तो बदलून टक-टक करत पाच पायऱ्या फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लावला आणि प्रश्न मिटला. वीज गेल्यावरच खरखर येत असेल तर इन्व्हर्टर पाहा. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल तर पंखाही घुमतो आणि स्पीकरही. साइन वेव्हचा असेल तर सहसा हा त्रास होत नाही.

राहिली शिट्टी. ती विजेच्या पाढ्यातली नव्हती, फारच वरची होती. यूएसबीवर संगणक आपलं काम ठरावीक तालात करतो : जुन्या, मंद यूएसबीवर सेकंदाला १,००० वेळा आणि वेगवान यूएसबीवर सेकंदाला ८,००० वेळा नवा गट सुरू होतो. त्या तालावर प्रवाह दचकतो आणि ग्राउंडवरून गळून १ किंवा ८ किलोहर्ट्झची शिट्टी होऊन कानावर येतो. माऊस हलवला की येणारी चुरचुर हीही त्याच कुळातली. एक्स्टेंशन बोर्डाने मूळ घूं जातं, पण संगणकाच्या पोटातला हा आवाज बाहेर येण्याचा रस्ता, म्हणजे ग्राउंडची वायर, तशीच राहते. ती तोडायची तर संगणक आणि डॅक यांच्यात धातूचा धागाच नको.

सर्वांत सुंदर मार्ग प्रकाशाचा. तोशिबाने १९८३ मध्ये टॉसलिंक आणलं. यात आकडे लाल प्रकाशाच्या लुकलुकण्यातून प्लास्टिकच्या तंतूवरून जातात. प्रकाशाला ग्राउंड नसतं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डावर, टीव्हीच्या मागे आणि पुष्कळ डॅकवर ते छोटं चौकोनी झाकण असतं आणि वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत ते निर्धास्त चालतं. आपल्या संग्रहातलं बहुतेक संगीत त्याच्या आतच बसतं.

लॅपटॉपला ते सहसा नसतं, म्हणून मी यूएसबी आयसोलेटर घेतला. काडेपेटीएवढी डबी, तिच्यात आकडे एका बाजूकडून दुसरीकडे जातात, पण दोन्ही ग्राउंड एकमेकांना शिवत नाहीत. घेताना वेग विचारा. स्वस्त डब्या १२ मेगाबिटच्या असतात. त्यावर ९६ किलोहर्ट्झचं संगीत आरामात मावतं, पण पुष्कळ नवे डॅक वेगवान यूएसबीशिवाय ओळखच देत नाहीत. ज्यांना हात घाण करायची हौस आहे त्यांनी संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून डॅकजवळ रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक बसवावा आणि गाणं वाय-फायवरून पाठवावं. नेटवर्कची केबल वापरणार असाल तर साधी, बिनकवचाची घ्या. तिच्या दोन्ही टोकांना यंत्रांत ट्रान्सफॉर्मर असतातच. कवचाची केबल मात्र दोन ग्राउंड पुन्हा जोडू शकते.

यूएसबीच्या हजारो रुपयांच्या केबलवर खर्च करू नका. तिच्यातही ग्राउंडची वायर असतेच, आणि रोग त्या वायरीत आहे. केबलवर अडकवायचे फेराइटचे मणी रेडिओच्या पट्ट्यातल्या गोंगाटावर उपयोगी पडतात, ५० हर्ट्झला ते दिसतही नाहीत.

आयसोलेटर लागला त्या रात्री मी एक जुनी खाजगी मैफल लावली, टेपवरून कुणीतरी संगणकावर घेतलेली. आणि घूं परत आलं. पोटात गोळाच आला. मग पॉज दाबलं. घूं थांबलं. ते माझ्या घरातलं नव्हतं, त्या दिवशीच्या सभागृहातलं होतं, माइकच्या वायरीतून टेपवर उतरलेलं. उत्सुकतेपोटी तो तुकडा ऑडॅसिटीत उघडून आलेख काढला. घूंची उंच रेघ १००वर असायला हवी होती. ती १०३वर होती. टेप जवळपास तीन टक्के जास्त वेगाने फिरवली गेली होती, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्याने सूर वर चढला होता. तेव्हाची वीज नेमकी ५०वर टिकत नसे, त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरावं लागतं. तरी मी वेग तीन टक्क्यांनी कमी केला आणि पुन्हा लावलं. घूं १००वर आलं, आणि इतकी वर्षं जरा ताणलेला वाटणारा तो आवाज काळी एकवर येऊन टेकला.

पुढच्या आठवड्यात : स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचे, आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत खर्जाचं काय होतं.