सहा ठिपक्यांपासून प्रयोगशाळेपर्यंत

कोलकात्याच्या दक्षिण भागात डायमंड हार्बर रस्त्यावर बेहाला हे गजबजलेले उपनगर आहे. दुर्गापूजेच्या भव्य मंडपांमुळे त्याची कीर्ती सर्वदूर पसरली आहे. परंतु आपल्या देशातील अंधशिक्षणाचे एक जुने पीठ याच बेहाल्यात आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. लालबिहारी शहा यांनी १८९७ मध्ये स्थापन केलेली कलकत्ता अंधशाळा ती हीच.

फ्रान्समधील लुई ब्रेल याने १८२४ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा उठावदार ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. शहा यांनी ती बंगाली भाषेसाठी बसविली. इकडे मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधशाळा सुरू केली. परंतु निरनिराळ्या प्रांतांत ठिपक्यांचे संकेत निरनिराळे असल्यामुळे एकीकडचा वाचक दुसरीकडे निरक्षर ठरे. अखेर युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली. आज बेहाल्यातील बालक बंगाली ‘क’ वाचो की दादरमधील बालक मराठी ‘क’ वाचो, दोघांच्या बोटांखाली पहिला आणि तिसरा हेच ठिपके येतात.

वाचकहो, या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रेल स्वतः अंध होता. ज्याची अडचण, त्याच्याच बोटांनी तिचा उपाय शोधला.

असे असूनही अभियांत्रिकीची दारे अंध विद्यार्थ्यांना दीर्घकाळ बंद राहिली. आकृत्या, समीकरणे व प्रयोग त्यांना जमणार नाहीत असे गृहीत धरून त्यांना संगीत, वेतकाम किंवा वाङ्मय यांकडे वळविले जाई. आंध्रातील श्रीकांत बोल्ला या जन्मांध युवकास दहावीनंतर विज्ञानशाखा मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गांनीही त्यास नकार दिला. त्याच युवकास अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने प्रवेश दिला. पुढे स्वदेशी परतून त्याने उद्योग उभारला व अनेक अपंगांना रोजगार दिला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व सरकारी साहाय्यप्राप्त उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. हे पाऊल मोलाचे खरे; परंतु केवळ प्रवेश मिळाल्याने विद्या मिळत नाही. बोटांनी वाचता येतील अशा उठावाच्या आकृत्या, पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारा संगणक आणि समजूतदार सहाध्यायी यांचीही तितकीच गरज असते.

अशा सहभागाने संशोधनाचेही हितच होते. पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा दाखविते. पण लोंबणारी फांदी किंवा उभ्या मालमोटारीची मागे आलेली फळी कपाळावर आदळेपर्यंत कळत नाही. डोळसास ही अडचण सहसा सुचणारही नाही. दिल्लीच्या आयआयटीने अंध व्यक्तींना बरोबर घेऊन ‘स्मार्टकेन’ हे उपकरण तयार केले. ते २०१४ मध्ये लोकांच्या हाती आले. काठीच्या मुठीवर बसणारे हे उपकरण वटवाघळाप्रमाणे अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडते आणि तीन मीटरपर्यंतच्या अडथळ्याची सूचना कंपनाने देते. बंगालमधीलच खरगपूरच्या आयआयटीने भारतीय भाषांतील मजकूर ब्रेलमध्ये उतरविणारी ‘स्पर्श’ ही संगणकप्रणाली घडविली आहे.

प्रश्न उरतो तो आपल्या घराचा. आपल्या कुटुंबात वा शेजारी एखादे दृष्टिहीन बालक असेल, तर ‘याला गणित कशाला?’ असे म्हणून त्याची वाट आपणच अडवू नये. अंकगणितासाठी टेलर फ्रेम आहे, भूमितीसाठी उठावाच्या आकृत्या आहेत. शाळेने टाळाटाळ केल्यास पालकांनी विनयाने, पण ठामपणे कायद्याकडे बोट दाखवावे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोण पोहोचणार याचा निर्णय पुष्कळदा पाचवी-सहावीतच, घरच्या एका वाक्याने होऊन जातो. ते वाक्य आपण जपून उच्चारले पाहिजे.