इंजिन नाही, तरी पॅराग्लायडर तासन्‌तास हवेत कसा राहतो?

हिमाचलमधलं बिलिंग सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून उडून सरळ खाली बीरला उतरलात, तर मजा लवकर संपते. क्रॉस-कंट्रीत मात्र उन्हाने तापून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, शोधायची, तिच्यात गोल फिरत उंची कमवायची आणि धौलाधारच्या कडेने पुढचं थर्मल गाठायचं.

हवा दिसत नाही, म्हणून शनिवार-रविवारच्या शिबिरात हा सराव गटाने करतात. शेजारचा वर चढताना दिसला की थर्मलचा पत्ता लागतो. पण मग सगळे तिथेच धावतात! टक्कर झाली तर जीवावर बेतू शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीर परिसरात दोन पॅराग्लायडर हवेत आदळून बेल्जियमच्या पायलटचा मृत्यू झाला होता.

त्यामुळे नियम एकच: थर्मलमध्ये आधी शिरलेला ज्या दिशेने फिरतोय, त्याच दिशेने बाकीच्यांनीही फिरायचं.