चल आणि चल गती
ज्या राशीला विचाराधीन प्रश्नात निरनिराळी मूल्ये धारण करता येतात तिला ‘चल’ म्हणतात व जिचे मूल्य त्या प्रश्नापुरते बदलत नाही तिला ‘अचल’ किंवा ‘स्थिरांक’ म्हणतात. पदार्थाची अथवा यंत्राची गती (दिशा विचारात न घेता मोजलेला वेग) कालानुसार बदलत असेल किंवा गरजेप्रमाणे बदलता येत असेल, तर तिला चल गती म्हणतात. चल व अचल हा भेद राशीच्या अंगी कायमचा असतोच असे नाही. तो प्रश्नाच्या मांडणीवर अवलंबून असतो. उदा., गच्चीवरून पडणाऱ्या दगडाच्या बाबतीत गुरुत्वीय प्रवेग (वेग बदलण्याची त्वरा) अचल मानला तरी चालते. पण पृथ्वीपासून दूर जाणाऱ्या अवकाशयानाच्या बाबतीत तो अंतरानुसार बदलणारा चल मानावा लागतो.

ज्या चलाला आपल्या इच्छेप्रमाणे मूल्ये देता येतात तो स्वतंत्र चल व त्यामुळे ज्याचे मूल्य ठरते तो अवलंबी चल होय. या दोहोंमधील संबंधाला फलन म्हणतात. अज्ञात राशींसाठी वर्णमालेतील अखेरची व ज्ञात राशींसाठी आरंभीची अक्षरे वापरण्याचा प्रघात रने देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथापासून रूढ झाला.

निसर्गातील चल गती : निसर्गात एकसमान गती विरळाच आढळते. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीची गती उपसूर्य स्थानी सेकंदाला सु. ३०·३ किमी., तर अपसूर्य स्थानी सु. २९·३ किमी. असते. स्थिर अवस्थेतून मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूची गती दर सेकंदाला ९·८ मी./से. या प्रमाणात वाढते. त्यामुळे हवेचा रोध उपेक्षिल्यास १, २ व ३ सेकंदांत ती अनुक्रमे ४·९, १९·६ व ४४·१ मी. अंतर पडते. म्हणजे अंतर कालाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा नियम गॅलिलीओ यांनी उतरत्या पाटावर गोळे सोडून पडताळला व १६३८ मध्ये प्रसिद्ध केला.

चल गतीच्या बाबतीत सरासरी गती व तात्कालिक गती यांत भेद करणे आवश्यक असते. १२० किमी. अंतर ताशी ६० किमी. गतीने जाऊन ताशी ४० किमी. गतीने परतल्यास एकूण ५ तास लागतात. म्हणून सरासरी गती ताशी ५० नसून ४८ किमी. येते. एखाद्या क्षणाची गती मात्र अंतराच्या कालसापेक्ष अवकलजाने मिळते.

तंत्रविद्येतील चल गती : यंत्राची गती बदलण्याचा हेतू पुष्कळदा दुसरी एखादी राशी अचल राखणे हा असतो. लेथवर कर्तन गती मिनिटाला ३० मी. ठेवावयाची असल्यास १०० मिमी. व्यासाचा दंड मिनिटाला सु. ९५ फेरे, तर २० मिमी. व्यासाचा दंड सु. ४७७ फेरे फिरवावा लागतो. यासाठी पूर्वी पायऱ्यांच्या कप्प्या व पट्टे आणि पुढे दंतचक्रपेट्या वापरात आल्या. यांत गती टप्प्याटप्प्यानेच बदलता येते.

प्रत्यावर्ती प्रवाहावरील प्रवर्तन चलित्राची गती मुख्यतः पुरवठ्याच्या कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येवर) व ध्रुवसंख्येवर अवलंबून असते [→ विद्युत् चलित्र]. ५० हर्ट्‌झ कंप्रतेस चार ध्रुवांच्या चलित्राची समकालिक गती मिनिटाला १,५०० फेरे असते व प्रत्यक्ष गती तीहून किंचित कमी भरते. कंप्रता अचल असल्याने हे चलित्र दीर्घकाळ स्थिर गतीचेच समजले जाई. १९५७ मध्ये थायरिस्टर ही अर्धसंवाहक प्रयुक्ती तयार झाली व पुढे कंप्रता आणि तिच्या प्रमाणात विद्युत् दाब बदलून या चलित्राची गती अखंडपणे नियंत्रित करणे व्यवहार्य झाले.

ऊर्जेच्या दृष्टीने महत्त्व : केंद्रोत्सारी पंपाचा विसर्ग गतीच्या, शीर्ष गतीच्या वर्गाच्या व लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे केवळ घर्षणाविरुद्ध पाणी वाहवणाऱ्या पंपाची गती ८० टक्क्यांवर आणल्यास विसर्ग ८० टक्के राहतो. पण शक्ती सु. ५१ टक्केच लागते. पूर्ण गतीने पंप चालवून झडपेने तेवढाच विसर्ग साधल्यास शक्तीची बचत अल्प होते. कारण पंपाने दिलेली बरीच ऊर्जा झडपेत वाया जाते. मात्र खोल विहिरीतून किंवा उंच टाकीत पाणी चढवताना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. उंचीमुळे आवश्यक असलेले शीर्ष गतीनुसार कमी होत नाही व एका मर्यादेखाली गती गेल्यास पाणी मुळीच चढत नाही.

रेल्वेतही असाच बदल घडला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या मार्गावर १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची गाडी सुरू झाली. अशा गाड्यांत सुरुवातीची गती रोधक टप्प्याटप्प्याने वगळून वाढवीत. त्यामुळे प्रत्येक स्थानकातून निघताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाई. कंप्रता नियंत्रण असलेल्या त्रिकला चलित्रांच्या गाड्यांत ही हानी टळते व गतिरोधन करताना ऊर्जा तारेकडे परत पाठविता येते.

मर्यादा : गती बदलताना ती यंत्राच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळल्यास अनुस्पंदन होऊन कंपने धोकादायक ठरतात, म्हणून अशा गती वगळाव्या लागतात. मंद गतीला चलित्राच्या दंडावरील पंख्याचे शीतन अपुरे पडते. ज्या पंपाला सदैव पूर्ण विसर्गच द्यावयाचा असतो, तेथे नियंत्रकातील हानीची भर पडून ऊर्जेचा व्यय उलट वाढतो. म्हणून कोणती राशी चल ठेवावी व कोणती अचल, हे यंत्रावरील भाराचे स्वरूप तपासूनच ठरवावे लागते.