सोडा कुणाचा, साखर कुणाची

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते, म्हणून आज तोच विषय घेतोय. खाण्याचा सोडा पिऊन पळणं सुधारतं का? भज्यांच्या पिठात चिमूटभर घालतो तोच हा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. २०२३ पासून तो परदेशी कंपनीच्या महागड्या पाकिटातून, गोळ्या आणि जेल अशा रूपात मिळायला लागला. जागतिक स्पर्धांतले धावपटू तो घेतात अशा बातम्या आल्या आणि बघता बघता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणतं पाकीट मागवू, कुणी म्हणतं कशाला, दादरच्या वाण्याकडे दहा रुपयांत मिळतो की!

कट्ट्यावर हे विचारणारे बहुतेक जण मॅरेथॉनवाले आहेत. जानेवारीत सीएसएमटीहून पहाटे सुटायचं आणि चार-पाच तासांनी परत यायचं, हे त्यांचं काम. आमचं उत्तर त्यांना आधीच देऊन टाकतो: सोडा तुमच्यासाठी नाही. का नाही, ते मात्र नीट समजून घेऊ. कारण ते समजलं की तुमच्यासाठी काय आहे तेही आपोआप कळतं.

तुम्ही चारशे किंवा पंधराशे मीटर जीव तोडून पळता तेव्हा स्नायूंना ऊर्जा इतक्या घाईने लागते की प्राणवायूच्या भरवशावर थांबून चालत नाही. साखर झटपट फोडली जाते. त्या गडबडीत स्नायूंत हायड्रोजन आयन साचतात, म्हणजे आंबटपणा वाढतो. विश्रांतीला स्नायूचा पीएच सातच्या आसपास असतो, तो साडेसहाच्या जवळ येतो. पाय शिशाचे होतात ते तेव्हा. (त्याचं खापर आपण लॅक्टिक ॲसिडवर फोडतो. लॅक्टेट बिचारं उलट इंधन म्हणून वापरलं जातं. पण शाळेत शिकवलेलं सहजासहजी जात नाही.)

आता सोडा काय करतो? तो स्नायूत फारसा शिरत नाही. तो रक्तात राहतो. रक्तात बायकार्बोनेट एरवी लिटरमागे चोवीस-पंचवीस मिलिमोल असतं, ते पाच-सहा मिलिमोलनी वाढतं. रक्त असं थोडं जास्त अल्कधर्मी झालं की स्नायूतला आंबटपणा बाहेर ओढला जायला मदत होते. नळाखालचं मोरीचं भोक मोठं केल्यासारखं आहे हे. नळ तेवढाच सुरू आहे, पण पाणी तुंबायला वेळ लागतो.

ही काही नवी विद्या नाही. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत १९३१ साली यावर निबंध प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर नव्वद वर्षं लोक तपासत आले आणि आज चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे: साधारण अर्धा मिनिट ते दहा-बारा मिनिटं चालणाऱ्या, पूर्ण जोर लावायच्या प्रकारांत फायदा होतो. तोही एक-दोन टक्क्यांचा, आणि प्रत्येकाला होतोच असं नाही. दोनशे-चारशे मीटर पोहणं, दोन हजार मीटर नौकानयन, आठशे-पंधराशे मीटर धावणं. मॅरेथॉनमध्ये तुम्ही त्या आंबटपणाच्या उंबरठ्याच्या खालीच पळत असता. वर गेलात तर बेचाळीस काय, बारा किलोमीटरही निघणार नाहीत. मोरी तुंबतच नाहीये, मग भोक मोठं करून काय उपयोग?

बरं, किती घ्यायचा असतो? संशोधनात वापरतात ते प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ०.३ ने १८ ग्रॅम. म्हणजे चहाचे जवळजवळ चार चमचे! आपण भज्यांत चिमूट घालतो, हे लक्षात घ्या. या १८ ग्रॅममध्ये जवळपास ५ ग्रॅम सोडियम येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे अडीच दिवसांचं सोडियम एका पेल्यात. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय यांतलं काहीही दुखणं असेल तर या वाटेला जायचंच नाही.

आणि पोट? पोटात आधीच आम्ल बसलेलं आहे. इनोचं पाकीट पाण्यात टाकल्यावर जे पेल्यात होतं ते इथे पोटात होतं. वायू सुटतो, पोट फुगतं, ढेकरा येतात, मळमळतं, आणि मागून जुलाब. नव्या पाकिटांची सगळी किमया एवढीच, की सोडा जेलमध्ये गुंडाळून पोटातून पुढे सरकवायचा म्हणजे त्रास कमी. तो कमी होतो असं दिसतंय, पण हे प्रयोग अजून थोड्या थोड्या खेळाडूंवरचे आहेत. तुडुंब जेवणावर सोडा घेऊन जठर फाटल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. आणि एक अगदी वाण्याकडचा धोका: खाण्याचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, बेकिंग पावडर तिसरीच. धुण्याचा सोडा घसा-अन्ननलिका भाजून काढतो. पुडीत बांधलेली पांढरी पूड दिसायला सगळी सारखीच.

मॅरेथॉनच्या वाटेवर हाजी अलीला समोर महालक्ष्मीचं रेसकोर्स लागतं. तिथून जाताना ही गंमत आठवा. घोड्याला शर्यतीआधी नाकातून नळी घालून सोडा-साखरेचं पाणी पाजायची एक जुनी लबाडी आहे, तिला त्या धंद्यात ‘मिल्कशेक’ म्हणतात. जगभरच्या घोडेशर्यतींत ती निषिद्ध आहे, घोड्याचं रक्त तपासून पकडतात. माणसाला मात्र सोडा चालतो, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत तो नाही. घोड्याला विचारता येत नाही, हा फरक बहुधा.

आता ज्यांच्यासाठी सोडा कागदावर तरी अगदी बेतून शिवल्यासारखा आहे, त्यांच्याकडे येऊ. ते कट्ट्यावर नसतात. ते पहाटे परळच्या कामगार मैदानावर, नायगावच्या बाजूला, नाहीतर आपल्या गावच्या डांबरी रस्त्यावर पळत असतात. पोलीस भरतीची मुलं. मुलग्यांना १६०० मीटर. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण २० गुण. मुलींना ८०० मीटर. दोन्ही अंतरं सोड्याच्या टापूत बरोबर बसतात. ३१० सेकंदांचा एक टक्का म्हणजे तीन सेकंद, आणि तीन सेकंदांवर एखाद्याची नोकरी जाऊ शकते. तेव्हा हा प्रश्न त्यांनी विचारला तर आम्ही हसून उडवणार नाही.

पण त्यांनाही आमचं उत्तर ‘नको’ असंच आहे, आणि कारण रसायनशास्त्राचं नाही. ही मुलं येतात कशी, ते बघा. रात्रीची गाडी किंवा एसटी, मग मैदानाबाहेर फूटपाथवर पाठ टेकायची, पहाटे रांगेत उभं राहायचं. पळायची पाळी कधी येईल याचा पत्ता नाही. सोडा शर्यतीच्या एक ते तीन तास आधी घ्यायचा असतो आणि प्रत्येकाची वेळ वेगळी निघते. ज्याला आपली पाळी सातला की अकराला हेच ठाऊक नाही, त्याने तो कधी घ्यायचा? रिकाम्या, जागरण झालेल्या पोटात चार चमचे सोडा गेला तर तीन सेकंद कमवायच्या ऐवजी तो मैदानाच्या कडेला ओकत बसेल. आणि भरती त्या वर्षी एकदाच असते. त्याच्या हातात जे खरोखर आहे ते साधं आहे: आदल्या रात्री पोटभर भात किंवा पोळी, पहाटे दोन केळी किंवा गूळ-पोळीचा तुकडा, घोट घोट पाणी, जमेल तितकी झोप. यातून मिळणारे सेकंद सोड्याच्या सेकंदांपेक्षा जास्त आहेत असं आमचं मत आहे. मैदानाबाहेर कुणी ‘स्टॅमिना वाढतो’ म्हणून इंजेक्शन किंवा बिननावाची गोळी पुढे केली तर ती हातातही घेऊ नका. तो सोडा नसतो.

परत मॅरेथॉनवाल्यांकडे. तुमचं दुखणं आंबटपणाचं नाही तर कशाचं? टाकी रिकामी होण्याचं. स्नायूंत साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. ढोबळ हिशेब दोन हजार कॅलरींचा. पळायला किलोमागे, किलोमीटरमागे एक कॅलरी लागते असं धरा. पासष्ट किलोचा माणूस बेचाळीस किलोमीटर पळाला की सत्तावीसशे. उरलेलं काही चरबीतून येतं, पण चरबी सावकाश जळते आणि तेवढ्या वेगाला पुरत नाही. म्हणून तिशीच्या किलोमीटरनंतर पाय थांबतात. आणि आपल्या मुंबईची खासियत अशी, की वर्षानुवर्षं परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आला. टाकी कोरडी आणि समोर चढ! लोक म्हणतात पेडर रोडने मारलं. मारलेलं असतं वरळीलाच, किंवा त्याही आधी, जिथे खायला हवं होतं आणि खाल्लं नाही.

हेही जुनंच ज्ञान. १९२४ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी पळून आलेल्यांचं रक्त तपासलं. जे गलितगात्र होऊन आले त्यांच्या रक्तातली साखर फार उतरलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना वाटेत गोळ्या-मिठाई खायला लावली आणि फरक दिसला. त्याच्या चारच वर्षं आधी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळून एकोणिसावे आले होते. हे ज्ञान अजून यायचं होतं तेव्हा. आपल्याला ते शंभर वर्षं उपलब्ध आहे आणि तरी आपण वीस किलोमीटरपर्यंत ‘मला गरज नाही’ म्हणत कोरडे पळतो.

किती खायचं? अडीच तासांपर्यंतच्या पळण्याला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. त्याहून लांब असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवीत. आतड्यात ग्लुकोजचं दार वेगळं, फ्रुक्टोजचं वेगळं. ग्लुकोजच्या दारातून तासाला साठेक ग्रॅमच्या वर माल आत जात नाही, उरलेला पोटात घोळत बसतो. दुसरं दार उघडलं की जास्त जातो. आणि आपली घरची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. गूळही बहुतांशी तीच साखर. त्यात जादू नाही, पण कमीपणाही नाही. एका एनर्जी जेलमध्ये वीस ते तीस ग्रॅम असतात. मोठ्या केळ्यात पंचवीसच्या आसपास, छोट्या वेलचीत त्याच्या निम्मे. जेल घ्या, ते सोयीचं आहे, आमची काही हरकत नाही. पण परवडत नाही म्हणून उपाशी पळू नका. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. झालं पेय.

दाण्याची चिक्की पळताना देऊ-घेऊ नका, असं म्हटलं की लालबागकर रागावतात. दाण्यातल्या तेलाने पोट सावकाश रिकामं होतं, एवढंच. पळून झाल्यावर खुशाल खा, तेव्हा तिच्यासारखं काही नाही. ओआरएसचंही तसंच. ते उत्तम औषध आहे, पण जुलाबाचं. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. तेवढ्यावर पेडर रोड चढता येत नाही.

पोटालाही सराव लागतो. पाय तयार करायला तुम्ही सोळा आठवडे देता, मग आतड्याला एक सकाळ का? रविवारच्या लांब पल्ल्यात, ज्या वेगाने पळणार त्याच वेगाने, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं घ्यायची सवय करा. ताशी तीसने सुरुवात, मग वाढवत न्या.

आता पाणी, आणि इथे उलटा धोका आहे. दमट हवा, घामाच्या धारा, म्हणून लोक प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले रिचवतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली होतं. जास्त धोका कुणाला? शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायले त्यांना. आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. मध्ये काही प्यायलं नसेल तर जेवढं घटलं तेवढा तुमचा ताशी घाम. पिणं त्याच्या आत ठेवा. वजन वाढलेलं दिसलं तर समजा, चुकतंय.

एक-दोन प्रश्न घेऊ. मागून विचारतायत, “शेवटच्या दोनशे मीटरच्या स्प्रिंटसाठी तरी सोडा?” काकांचा उत्साह आवडला. पण चार तास तो पोटात सांभाळायचा आणि वाटेत शौचालय शोधत फिरायचं, तेही दोनशे मीटरसाठी! नको.

दुसरा प्रश्न ताईंचा, मधुमेह आहे, गोळ्या सुरू आहेत, पळताना साखर घ्यावी का? हे व्याख्यानात ठरवायचं नाही. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने पळताना साखर एकदम उतरते, काहींनी नाही. तुमच्या डॉक्टरांना औषधांची यादी दाखवा, किती किलोमीटर, किती वाजता पळता ते सांगा, आणि तोवर खिशात साखरेची पुडी ठेवा.