घोड्याचे मांस : हलाल, मकरूह की हराम?

कामोठ्यात आमच्या दुकानाला लागून एका टेलर मास्टरांचे दुकान आहे. त्यांचा मुलगा डॉक्टरीच्या शिक्षणासाठी कझाकस्तानला गेला आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "अब्बा, इथले मुसलमान घोड्याचे मांस खातात. एका मित्राच्या घरी दावत आहे. खाऊ की नको?" मास्टर कैची बाजूला ठेवून आमच्याकडे आले. त्या वेळी दुकानात तळोज्याचे एक कोकणी व्यापारी आणि मालेगावचे एक कापडवाले बसले होते. कोकणी भाई म्हणाले, "आमच्यात जायज आहे, खुशाल खाऊ दे." मालेगावचे भाई म्हणाले, "तौबा! सरळ हराम आहे." बोलता बोलता आवाज चढले. दोघेही नमाजी, दोघेही आमचे जुने व्यवहारातले. मग खरे काय?

कामोठे ही सिडकोने वसवलेली वस्ती, 2016 पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. येथे कोकणातले शाफई आणि मालेगाव, भिवंडी, उत्तर प्रदेशातले हनफी एकाच गल्लीत दुकान थाटून बसतात. म्हणून असे प्रश्न येथे वरचेवर निघतात. दोन्ही बाजूंच्या आलिमांकडून आम्ही जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की घोड्याचा मसला डुकरासारखा नाही. डुकराच्या मनाईबद्दल कुरआनचा स्पष्ट हुकूम आहे व त्यात कोणत्याही इमामांचा इख्तिलाफ नाही. घोड्याच्या बाबतीत मात्र सुरुवातीपासून मतभेद आहे आणि दोन्ही बाजूंकडे दलील आहे.

जे जायज म्हणतात, त्यांचा आधार बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीप्रमाणे हिजरी 7 मध्ये, म्हणजे इ. स. 628 मध्ये, खैबरच्या वेळी पैगंबर (स.) यांनी पाळीव गाढवाच्या मांसाला मनाई केली आणि घोड्याच्या मांसाला परवानगी दिली. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या कन्या हजरत अस्मा (रजि.) यांची रिवायत अशी की पैगंबर (स.) यांच्या काळात त्यांच्याकडे घोडा जबह करून खाल्ला गेला. इमाम शाफई (रह.) व इमाम अहमद (रह.) यांनी यावरूनच घोडा जायज ठरवला. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणून तळोज्याच्या भाईंचे बोलणे त्यांच्या मसलकाप्रमाणे बरोबर होते.

इमाम अबू हनीफा (रह.) यांनी घोड्याचे मांस मकरूह मानले. सूरह नहलच्या पाचव्या आयतीत गुराढोरांचा उल्लेख येतो तेव्हा त्यांच्यापासून खाण्याचाही उल्लेख आहे. आठव्या आयतीत घोडे, खेचरे व गाढवे यांचा उल्लेख येतो, तो स्वारी व शोभेसाठी. तेथे खाण्याचा शब्द नाही. दुसरे कारण असे सांगतात की घोडा हे त्या काळी लढाईचे साधन होते. तो कापून खाऊ लागले तर कामाच्या वेळी घोडा मिळायचा नाही. मनाईची एक हदीसही हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या नावे सांगितली जाते, पण बऱ्याच मुहद्दिसांनी ती कमजोर ठरवली आहे. जायज म्हणणारे उत्तर देतात की सूरह नहल मक्केतील आहे आणि खैबरची परवानगी त्यानंतरची.

येथे एक बाब आपल्या हनफी बांधवांना सहसा ठाऊक नसते. इमामसाहेबांचे दोन थोर शागिर्द, इमाम अबू यूसुफ (रह.) व इमाम मुहम्मद (रह.), यांनी घोड्याचे मांस जायज म्हटले आहे. कझाक व किर्गिझ मुसलमानही बहुतेक हनफीच आहेत आणि त्यांच्याकडे घोड्याचे मांस पाहुणचाराचे मानले जाते. आपल्या देशातील हनफी उलेमा मात्र सहसा मकरूह म्हणून टाळण्याचाच सल्ला देतात. मालिकी मसलकाचा कलही टाळण्याकडे आहे. म्हणजे मालेगावच्या भाईंनी न खाणे त्यांच्या मसलकाला धरून आहे. परंतु "सरळ हराम" हा शब्द जादा झाला. मकरूह आणि हराम यांत फरक आहे. आपण खात नाही म्हणून दुसऱ्या मुसलमानाच्या ताटावर हरामचा शिक्का मारायचा नाही. आणि आपल्यात जायज आहे म्हणून न खाणाऱ्याची थट्टाही करायची नाही.

मुलाबाळांना त्या देशांत पाठवणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जनावर जायज असले तरी जबह शरीअतप्रमाणे झालेला हवा. घोडीचे आंबवलेले दूध तेथे कुमिस नावाने पितात. आंबल्यामुळे त्यात थोडा मद्यार्क तयार होतो, तेव्हा आलिमाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. आणि तेथील बाजारात रशियन भाषा चालते. तीत घोड्याच्या मांसाला कोनिना म्हणतात आणि डुकराच्या मांसाला स्विनिना. नवख्या कानाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात. घोटाळा झाला तर मकरूहवरून थेट हरामावर जाईल.

आता व्यापाराची बाजू. आपल्या देशात कोणी याचा धंदा करू म्हणेल तर कायदा आड येतो. अन्नसुरक्षा कायदा 2006 खालील 2011 च्या नियमांत खाण्यासाठी कापावयाच्या जनावरांची यादी आहे. त्यात शेळी-मेंढी, गाय-म्हैस वर्ग, डुक्कर, कोंबडी वर्ग, मासे आहेत. घोडा, गाढव, उंट नाहीत. गोवंशाबाबत महाराष्ट्राचा कायदा वेगळा आहेच. तेव्हा मसलक कोणताही असो, येथे घोड्याचे मांस विकता येत नाही. आपल्याकडे घोडा पोसायचा तो रोजीसाठी. आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरानला घोड्यावर कितीतरी घरे चालतात.

पण या मसल्यात एक भाग असा आहे की ज्यावर सर्व इमामांचे एकमत आहे. तो म्हणजे फसवणूक. जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याने गोमांसाचे म्हणून विकले जाणारे 27 बर्गर तपासले. 10 मध्ये घोड्याचा अंश निघाला, 23 मध्ये डुकराचा. एका बर्गरमधील मांसात तर 29 टक्के घोडा होता. पुढे सबंध युरोपात असे प्रकार उघडकीस आले. घोडा जायज मानणाऱ्या शाफई गिऱ्हाइकाचीही तेथे फसवणूकच झाली, कारण त्याने घोड्याचे पैसे दिले नव्हते.

हे वाचून युरोपला नावे ठेवण्याआधी आपण आपले गल्ले पाहावेत. टेरिकॉटचा तागा शुद्ध कॉटन म्हणून फाडणारे आपल्यातही आहेत. टेरिकॉट काही हराम नाही. पण कॉटन सांगून दिलेल्या टेरिकॉटचा पैसा हलाल कसा? धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबर (स.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. भिजलेला माल वर ठेवावा, म्हणजे लोकांना दिसेल, हाच तिचा धडा. वस्तू जायज असणे एवढे पुरेसे नाही. ती कोणत्या नावाने विकली हेही विचारले जाईल.

मास्टरांनी मुलाला काय कळवले? मास्टर हनफी. मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून त्यांनी निरोप दिला, "बेटा, आपल्या मसलकात टाळणे बरे. दावतीला जा, दुसरे जे हलाल असेल ते खा, पण यजमानाला हराम खातोस असे म्हणू नकोस." आमच्या मते यापेक्षा चांगला सल्ला नाही. दोघे भाईही चहा घेऊन हसतच उठले. वाचकांनीही आपापल्या मसलकाच्या आलिमाला विचारून अमल करावा. वल्लाहु आलम.