मागून ॲम्ब्युलन्स येतेय आणि तुम्ही बाईकवर आहात: नेमकं काय करायचं?

मागच्या दिवाळीत गावाकडे होतो. काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना अहमदपूरहून नांदेडला हलवायचं ठरलं. मागे काकांजवळ डॉक्टर आणि काकू बसल्या, म्हणून मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. लोहा मागे पडेपर्यंत हायवे बऱ्यापैकी मोकळा होता. नांदेड जवळ आलं, लातूर फाट्याच्या आसपास गर्दी लागली आणि खरी परीक्षा सुरू झाली.

त्या सीटवरून पहिल्यांदा लक्षात आलं की ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला सगळ्यात जास्त धास्ती ट्रकची नसते, बाईकची असते. एकाने सायरन ऐकून रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक मारला. दुसरा आधी डावीकडे गेला, मग विचार बदलून उजवीकडे आला. तिसऱ्याला काही ऐकूच येत नव्हतं, कानात इअरबड्स होते. ड्रायव्हर मामा म्हणाले, "कारवाला निदान एका जागी थांबतो. बाईकवाला कुठून कुठं जाईल, सांगता येत नाही दादा."

काका आता ठणठणीत आहेत. पण त्या तिसऱ्या मुलावर मला रागावता आलं नाही, कारण काही वर्षांपूर्वी तो मीच होतो. माझं कॉलेज विष्णुपुरीला. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटलही तिथेच, त्यामुळे त्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स नेहमीच्याच. एकदा गाणी ऐकत चाललो होतो. शेजारून जाणाऱ्या एका काकांनी खांद्यावर थाप मारली तेव्हा मागे बघितलं. ॲम्ब्युलन्स माझ्या मागे किती वेळ अडकली होती, मला आजही माहीत नाही.

म्हणून हा लेख. आधी हे असं का होतं ते बघू, मग काय करायचं ते.

सायरन इतका मोठा, तरी उशिरा का ऐकू येतो?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. अंतर दहापट झालं की २० डेसिबलने. हा नियम उलटाही लागू होतो. कानात घट्ट बसणाऱ्या इअरबडने बाहेरचा आवाज २० डेसिबलने कमी केला असं धरा. मग जो सायरन तुम्हाला २०० मीटरवरून ऐकू आला असता, तो २० मीटरवर आल्यावर ऐकू येईल.

आता वेळेचं गणित करू. ॲम्ब्युलन्स ताशी ८० किमीने येतेय, तुम्ही ५० ने चाललाय. फरक ताशी ३० किमीचा, म्हणजे सेकंदाला साधारण ८.३ मीटर.

- सायरन २०० मीटरवर ऐकू आला: तुमच्याकडे २४ सेकंद.
- सायरन २० मीटरवर ऐकू आला: तुमच्याकडे जेमतेम अडीच सेकंद.

अडीच सेकंदांत आरसा बघणं, इंडिकेटर देणं आणि बाजूला होणं जमत नाही. माणूस दचकतो आणि मधोमध ब्रेक मारतो. लातूर फाट्यावरचा पहिला मुलगा आठवा.

यात गाण्याचा आणि वाऱ्याचा आवाज धरलेलाच नाही. वेग वाढला की हेल्मेटभोवतीचा वाऱ्याचा आवाजही झपाट्याने वाढतो. म्हणून हेल्मेट काढायचं असं मात्र अजिबात नाही. काढायचे ते इअरबड्स. 'माझ्याकडे नॉइज कॅन्सलेशन आहे, ते फक्त इंजिनचा आवाज कापतं,' असं काही जण म्हणतात. ते तंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर जास्त चालतं हे खरं. पण कानात बसलेलं रबरी टोक वरच्या पट्टीतले आवाज आपोआप अडवतं, आणि सायरन त्यातच मोडतो.

आवाज येतोय, पण कुठून?

लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात. तिथे सायरन ऐकू आला की सगळे चारही बाजूंना माना वळवतात. त्यात त्यांची चूक नसते. आवाजाची दिशा मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो: कोणत्या कानात आवाज आधी पोहोचला आणि कोणत्या कानात जास्त मोठा आहे. आवाज इमारतींवर आपटून परत आला की हा हिशोब चुकतो. दोन्ही कान हेल्मेटमध्ये असले की अजून चुकतो. आणि बरोबर मागून येणारा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचत असल्याने तो पुढून येतोय की मागून, हे ओळखणं मुळातच अवघड.

एक खूण उपयोगी पडते. सायरनचे साधारण दोन प्रकार जास्त ऐकू येतात. एक लांबलचक, हळूहळू चढणारा आणि उतरणारा. दुसरा भराभर चढउतार होणारा. मोकळ्या रस्त्यावर बऱ्याचदा पहिला वाजतो आणि चौक किंवा गर्दी आली की ड्रायव्हर दुसरा लावतो. आवाज अचानक बदलला तर समजा, गाडी जवळ आहे आणि तिला वाट हवीय.

पण कानांपेक्षा भरवशाचा असतो आरसा. ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या बाजूला नाव उलटं लिहिलेलं असतं ते आरशात सुलटं दिसावं म्हणूनच. आपल्याकडे लूक बिघडतो म्हणून नव्या बाईकचे आरसे पहिल्याच आठवड्यात काढून ठेवतात, मग उलटं लिहून काय उपयोग? आणखी एक गोष्ट: बाईकचे आरसे बहुधा थोडे फुगीर असतात. त्यात जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. लांब दिसतेय म्हणून निवांत राहू नका.

मग करायचं काय?

१. सायरन ऐकू आला की आधी ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेक नंतर.

२. दोन्ही आरसे बघा. गाडी कुठून येतेय ते ठरवा.

३. डावा इंडिकेटर द्या आणि हळूहळू डावीकडे सरका. एकदा डावीकडे जायचं ठरवलं की मत बदलू नका. मागचा ड्रायव्हर तुमच्या हालचालीवरूनच त्याचा मार्ग ठरवत असतो.

४. गरज असेल तर थांबा, पण साइडपट्टी बघून. डांबर आणि मुरूम यांच्यात उंचीचा फरक असेल तर वेगात खाली उतरू नका, बाईक घसरते.

५. सिग्नलला सगळ्यात पुढे उभे असाल तर घाबरून चौकात उडी घेऊ नका, आडवी वाहनं चालू असतात. शक्य तितकं डावीकडे सरकून फट करून द्या. पोलीस पुढे जायचा इशारा करत असतील तर जा. अशा वेळी चुकून चलान आलंच, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे.

६. समोरून ॲम्ब्युलन्स येत असेल आणि मध्ये डिव्हायडर नसेल, तरीही डावीकडे व्हा. ओव्हरटेक करताना ती तुमच्या बाजूला येऊ शकते.

७. गाडी गेली की लगेच मधे येऊ नका. मागे दुसरी असू शकते.

आणि हे करू नका

ॲम्ब्युलन्सच्या मागे चिकटून मोकळ्या वाटेचा फायदा घेऊ नका. तिला कधीही अचानक ब्रेक लावावा लागतो. आणि वाट देणारे लोक ती गेल्यावर परत मधे येतात, तेव्हा तुम्ही त्यांच्या समोर असता.

पुढे जाऊन हॉर्न वाजवत वाट करून देणारे 'पायलट' रीलमध्ये हिरो दिसतात. हेतू चांगला असेल, पण मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तो पडला तर मला थांबावं लागंल. मग आतल्या पेशंटचं काय?" अनोळखी चौकात तुमच्याकडे ना सायरन असतो, ना दिवा. आणि एका हातात फोन धरून त्याचं शूटिंग करणं हा तर वेडेपणाच.

कायदा काय म्हणतो?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९४ई आलं. अग्निशमन दलाची गाडी, ॲम्ब्युलन्स किंवा राज्य सरकारने ठरवलेलं आपत्कालीन वाहन येत असताना रस्त्याच्या कडेला न होणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाईक लहान आहे म्हणून सूट नाही.

त्याच दुरुस्तीत कलम १३४अ आलं, ते आपल्या बाजूचं आहे. अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत केली तर त्यातून झालेल्या इजेसाठी मदत करणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. 'नंतर पोलिसांचं लफडं नको' म्हणून पुढे निघून जायचं कारण उरलेलं नाही.

फोन तुम्हीच लावला तर

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या गंभीर रुग्णांसाठी जास्त उपकरणं असलेल्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. कॉल उचलण्याचं केंद्र मात्र पुण्यात, औंधला. म्हणजे तुम्ही लोह्याजवळून बोलत असलात तरी ऐकणारा माणूस पुण्यात आहे. त्याला 'मोठ्या वडाजवळ, ढाब्याच्या अलीकडे' सांगून काही कळणार नाही.

त्याऐवजी हे सांगा: जिल्हा, तालुका, जवळचं गाव, रस्ता (लातूर-नांदेड हायवे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१), किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, आणि तुम्ही कोणत्या दिशेच्या बाजूला आहात. डिव्हायडर असलेल्या रस्त्यावर हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर गाडी पलीकडे येते आणि वळायला पुढच्या कटपर्यंत जाते. शक्य असेल तर एकाने रस्त्यावर उभं राहून हात दाखवावा. आणि फोन चालू ठेवा, ड्रायव्हर परत कॉल करतो.

आज रात्री दोन मिनिटं काढा

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' असतं. तिथे रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर भरा. आयफोनमध्ये हेल्थ ॲपमध्ये 'मेडिकल आयडी' भरून 'शो व्हेन लॉक्ड' चालू करा. मग फोन लॉक असला तरी इमर्जन्सीच्या बटणातून ही माहिती दिसते. काकांच्या वेळी डॉक्टरांनी चालू गोळ्यांची नावं विचारली आणि काकूंना गडबडीत एकही आठवेना. काकांचा फोन खिशातच होता, पण त्यात काहीच भरलेलं नव्हतं.

आता भरलंय. आणि मी बाईकवर असताना इअरबड्स बॅगेत असतात.