शेजाऱ्याने घातली तीच केबल
कारखान्यातली वीज : लेखांक 6

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्री उभारायची म्हटली, की शेडच्या पत्र्यापासून भट्टीपर्यंत प्रत्येक कोटेशनवर घासाघीस होते. केबलचा विषय मात्र बऱ्याचदा एका वाक्यात मिटतो : "शेजाऱ्याने कुठली घातलीय? तीच टाका." शेजाऱ्याचा कंप्रेसर ट्रान्सफॉर्मरपासून 40 मीटरवर आहे आणि आपला 200 मीटरवर, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

या कंप्रेसरचाच हिशेब मांडू. 100 एचपीची मोटार 415 व्होल्टला पूर्ण लोडवर साधारण 130 अँपिअर घेते. केबलच्या कॅटलॉगमध्ये साडेतीन कोरची, 70 स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची एक्सएलपीई केबल हवेत याहून बराच जास्त करंट वाहते असे दिसते. मालक खूश, दुकानदारही खूश. पण तो आकडा फक्त उष्णतेचा असतो : भोवतालची हवा 40 अंशांवर असताना आतली तार 90 अंशांच्या पुढे जाणार नाही, एवढीच त्याची हमी. भट्टीच्या बाजूला हवाच 50 अंशांवर गेली की क्षमता दहा-अकरा टक्क्यांनी उतरते. ट्रेमध्ये पाच-सहा केबली एकमेकींना चिकटून टाकल्या की आणखी उतरते.

एवढी काटछाट करूनही 70ची केबल तगते. अडते ते अंतरावर.

200 मीटरच्या या केबलमध्ये पूर्ण लोडवर सुमारे 24 व्होल्ट खर्ची पडतात. 415चे 391 होतात, म्हणजे घट जवळजवळ सहा टक्के. डिझायनर मंडळी ही घट तीन ते पाच टक्क्यांत बसवायला बघतात. चालू मोटार कमी व्होल्टेजवरही तेवढेच काम ओढते, त्यामुळे करंट वाढतो आणि घट आणखी वाढते. खरी परीक्षा सुरू होताना. मोटार थेट लाइनवर टाकली तर क्षणभर सहापट करंट, म्हणजे 780 अँपिअर, आणि केबलमध्येच 75 व्होल्टच्या आसपास गायब. मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज 82 टक्क्यांवर आले की टॉर्क दोन तृतीयांशावर. स्टार-डेल्टा स्टार्टरने करंट एक तृतीयांश होतो खरा, पण टॉर्कही तेवढाच होतो. मग मोटार घुमत राहते, ओव्हरलोड रिले पडतो आणि दोष वाइंडिंगवर जातो. हीच केबल 150 स्क्वेअर एमएमची असती तर चालू लोडवरची घट 12 व्होल्टवर आली असती. (रिवाइंडिंगचे बिल एकदा केबलच्या फरकाशेजारी ठेवून पाहावे.)

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट उलटी. तिथे अंतर नव्हे, वेळ महत्त्वाची. इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये मोटारी लहान, पण जवळपास सगळ्या एकाच वेळी चालतात. जोडलेला लोड आणि चालणारा लोड यांत फारसे अंतर राहत नाही. फाउंड्रीत तसे नसते. एक टन लोखंड वितळवायला सुमारे 600 युनिट लागतात. म्हणून तासाला अर्धा टन वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला 350 किलोवॉटचे पॅनल हवे. पॉवर फॅक्टर 0.95 धरला तर हे झाले 370 केव्हीए, आणि हीट चालू असेपर्यंत ते पूर्ण लागतात. सँड प्लांट, शॉट ब्लास्ट, कंप्रेसर मिळून मोटारी 150 एचपीच्या असल्या तरी एकावेळी साठ टक्के चालतात असे धरले तर त्यांचे जेमतेम 90 केव्हीए होतात. बेरीज 460. 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर यात बसतो, पण काठोकाठ. म्हणून त्याच्या पुढचा, 630 केव्हीएचा घेतला जातो.

11 केव्हीवरून उतरवणाऱ्या या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर दुय्यम बाजूला 415 नव्हे, 433 व्होल्ट लिहिलेले असते. तो बिनलोडाचा आकडा; लोड आल्यावर आतल्या आत जी घट होते तिची तरतूद आधीच करून ठेवलेली. पूर्ण करंट 840 अँपिअर. एका केबलीचे हे काम नव्हे. पॅनलपर्यंत 240 स्क्वेअर एमएमच्या तीन रन समांतर टाकाव्या लागतात. तिन्हींची लांबी सारखी हवी, नाहीतर आखूड केबल आपल्या वाट्यापेक्षा जास्त करंट ओढून घेते.

"मग सरळ 1000 केव्हीएच घेऊ, पुढे वाढ होणारच आहे," हे वाक्य दर दुसऱ्या मीटिंगमध्ये येते. त्यात दूरदृष्टी असतेही, पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. मोठ्या गाभ्याचा लोहव्यय जास्त आणि तो चोवीस तास चालू, रविवारीसुद्धा. दुसरी किंमत लपलेली आहे. इम्पीडन्स 5 टक्के धरला, तर 630 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर शॉर्टसर्किट झाल्यास सुमारे 17 हजार अँपिअर वाहू शकतात. 1000 केव्हीएला तेच सुमारे 27 हजार. जुन्या पॅनलचे ब्रेकर आणि बसबार 25 हजारांचे असतील, तर ट्रान्सफॉर्मर बदलल्या दिवसापासून ते अपुरे ठरतात. दिवे मात्र पहिल्यासारखेच लागतात, मोटारीही नीट चालतात, आणि पॅनलच्या दारावरचा रेटिंगचा आकडा वाचायला कुणी जात नाही.

भट्टीच्या पॅनलमधून येणारे हार्मोनिक्स या हिशेबात मुद्दाम घेतलेले नाहीत. पाचव्या आणि सातव्या हार्मोनिकने ट्रान्सफॉर्मर कसा तापतो आणि त्यावर दोन दुय्यम वाइंडिंगचा, एक स्टार आणि एक डेल्टा असा, ट्रान्सफॉर्मर का बसवतात, ते पुढच्या लेखांकात.